अंगठा, श्रेणी शून्य

अंगठा हलला हे मानसीला दिसलं नाही, कळलं. ती त्या वेळी खिडकीच्या ग्रीलवर बसलेल्या कबुतराला शुक शुक करून हुसकावत होती आणि तिच्या वडिलांचा, गुणाजीचा, उजवा हात तिच्या डाव्या हातात होता. सव्वा महिना झाला, तो हात असाच कोणाच्या ना कोणाच्या हातात असायचा, ओल्या टॉवेलसारखा जड. तर त्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे, कातडीखाली काहीतरी एकदा फडफडलं. पापणी लवते तेवढंच. मानसीनं कबुतराचा नाद सोडला. "बाबा, परत करा," ती म्हणाली. बाबांनी डोळे बारीक केले, ओठ आवळले, अख्ख्या अंगाचा जोर जमवला आणि परत केलं. या खेपेला अंगठा गव्हाच्या दाण्याएवढा आत सरकला. बाबांनी मान वर केली. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि डाव्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. "बरा?" त्यांनी विचारलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली तेव्हा तिनं उजवं अंग नेलं, भाषा नेली, आणि मागे हा एवढा एकच शब्द ठेवला. चहा हवा का, तर बरा. संडासला लागली का, तर बरा. राग आला तरी बरा आणि रडू आलं तरी बराच. आयुष्यभर ज्या माणसाला समोरचं काहीच बरं दिसलं नाही त्याच्या वाट्याला नेमका हा शब्द यावा, यावर मानसी पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या जिन्यात एकटीच बसून हसली होती, आणि मग हसली म्हणून स्वतःवर चिडली होती.

पलंगाच्या कडेला वही होती. दोनशे पानी, रेघा मारलेली, डावीकडे स्नायूंची नावं आणि पुढे तारखांचे रकाने. स्नायूची ताकद मोजायची पद्धत साधी असते. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे नुसती फडफड. दोन म्हणजे गादीवर टेकवलेला अवयव सरकवता येतो. तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो. चार म्हणजे कोणी थोडं अडवलं तरी ऐकत नाही, आणि पाच म्हणजे तुमचं आमचं. मानसी हे सतरा वर्षं करत आली होती, मुलुंडच्या क्लिनिकमध्ये नव्या मुलींना शिकवत आली होती. आज अंगठ्यापुढे एक लिहायचा होता, किंवा फार कंजुषी करायची तर एकच्या आधी एक प्रश्नचिन्ह. तिनं पेनचं टोपण काढलं, रकान्यावर बोट ठेवलं आणि शून्य काढलं. छान गोल, शेवट नीट जुळवलेलं शून्य. लिहिताना हात जराही कापला नाही, आणि ही गोष्ट वहीत लिहिली नसली तरी तिच्या लक्षात राहिली. बाबा त्या शून्याकडे बघत होते. अक्षरं त्यांना आता वाचता येत नव्हती, पण शून्य ओळखायला काही वाचावं लागत नाही. त्यांनी अंगठा तिसऱ्यांदा हलवला. शाळेतलं पोर बाईंना पाटी परत परत दाखवतं तसा. खाली वर्तमानपत्र पसरून आई, म्हणजे नलिनी, माठाची भाजी निवडत होती. तिची मान खाली होती. "आई, चहा टाक गं," मानसी म्हणाली आणि तिनं वही मिटली.

खरं तर हे काम तिनं घ्यायलाच नको होतं. पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये राजेशनं, तिच्या मोठ्या भावानं, सरळ निकाल लावून टाकला होता. "घरात फिजिओ असताना बाहेरची कशाला यार? ती येणार, अर्धा तास हातपाय हलवणार, पैसे घेऊन जाणार. तू मायेनं करशील." तो बोरिवलीला, त्याला रोज येणं शक्य नाही, मानसी मुलुंडला, स्कूटरवरून वीस मिनिटांत भटवाडीला आई-बाबांच्या बिल्डिंगखाली. सगळं कसं सोयीचं. कॉलेजात पहिल्याच वर्षी एका बाईंनी बजावलं होतं, घरच्या माणसावर उपचार करू नका, एक तर तुमचा हात हलका पडेल नाहीतर जड. वर्गातल्या मुली हसल्या होत्या. मानसीला हे कॉरिडॉरमध्ये आठवलं, आणि तरीही ती हो म्हणाली, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं आणि ते कारण या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज देताना सांगितलं होतं, पाय येईल, हाताचं सांगता येत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत अंगठ्यात नुसती फडफड जरी दिसली तरी मला लगेच कळवा, हातासाठी वेगळे उपचार देणारं केंद्र माझ्या ओळखीत आहे, ते लोक फडफड असलेलाच पेशंट घेतात. तेव्हापासून राजेश रोज संध्याकाळी फोन करायचा आणि हॅलो म्हणायच्या आधी विचारायचा, "हलला काय?" त्या संध्याकाळीही विचारलं. मानसी क्लिनिकच्या दारात उभी होती. "नाही रे," ती म्हणाली. "हात उशिराच येतो." हे खरंच होतं, कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं होतं. खरं वाक्य चुकीच्या जागी ठेवलं की खोटं बोलायचेही कष्ट पडत नाहीत, हे तिला त्या दिवशी समजलं.

बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. चालत्या साच्यावर सूत तुटलं की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन्ही टोकं धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी पाहुणे आले की ते ही गाठ मारून दाखवायचे, गोधडीच्या दोऱ्यावर, डोळे मिटून. तीच चिमटी मानसीसाठी होती. राजेशला पट्टा असायचा. पट्टा उघड असायचा, दार उघडं असायचं, शेजारपाजारचे धावून यायचे, कोणीतरी "गुणाजी, पोर मरात" म्हणून हात धरायचं, मग राजेशच्या पाठीवरच्या वळांना हळद लागायची आणि वाडीभर दोन दिवस त्याचं कौतुक चालायचं. मानसीवर बाबांनी कधी हात उगारला नाही. ते नुसता हात ठेवायचे. मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे, मागून, चारचौघांत, हसत हसत. वरून दिसायचा तो बापाचा हात पोरीच्या खांद्यावर. आणि खाली अंगठा आणि तर्जनी त्या मांसात शिरून एकमेकांना भेटायला निघालेली असायची. ओरडायचं नाही, वाकायचं नाही, चेहरा हलवायचा नाही. हललं तर चिमटी फिरायची. त्या जागचं मांस जाड असतं. नीट धरलं तर वर वळ उठत नाही, दुसऱ्या दिवशी दाखवायला काही उरत नाही. सहावीत असताना, गिरणी बंद पडली त्या वर्षी, गावाहून पाहुणे आले होते. बाबा त्यांना सांगत होते की सध्या रात्रपाळी आहे. मानसी मधेच म्हणाली, "बाबांची गिरणी तर बंद झाली ना?" हात आला. बाबा हसून म्हणाले, "आमची मानसी लय हुशार हां." मानसी ताठ बसून राहिली, आणि डोळ्यांनी मात्र दगा दिला. पाहुणे हेलावले. "बघा," ते म्हणाले, "बापाच्या मायेनं पोरीच्या डोळ्यांत पाणी इला." आई त्याच क्षणी चहाचा ट्रे घेऊन समोर वाकलेली होती, हातभर अंतरावर. तिनं एकेक कप खाली ठेवला, दांडा पाहुण्यांच्या बाजूला करून. तिनं पाहिलं की नाही? मानसीला बापाचा राग होताच, पण तो सरळ होता, त्याला काही विचारायचं नव्हतं. तिला तीस वर्षं कुरतडलं ते या एका प्रश्नानं. कारण आईनं पाहिलं असेल तर ते घडलं होतं, आणि पाहिलं नसेल तर मग ते मानसीशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि राजेश हसत हसत म्हणायचा तेच खरं होतं, "तुला तर साला बोटपण लावलं नाही कधी. लाडकी होतीस तू."

कॉलेजच्या विच्छेदनाच्या हॉलमध्ये एका पालथ्या घातलेल्या म्हाताऱ्याची पाठ उघडली होती. फॉर्मलिननं डोळे चुरचुरत होते. शिकवणाऱ्या सरांनी चिमट्यानं एक रुंद, पतंगाच्या आकाराचा स्नायू उचलून धरला आणि म्हणाले, ट्रॅपेझियस. कवटीच्या मागून निघतो, मणक्यांवरून खाली येतो, गळ्याच्या हाडाला आणि खांद्याच्या फऱ्याला जाऊन लागतो. वरच्या तंतूंचं काम खांदा वर उचलणं. आपण खांदे उडवून 'मला काय त्याचं' म्हणतो ना, ते याच्या जोरावर. सगळ्या मुलींनी एकदम खांदे उडवून बघितले. मानसीचा हात आपोआप मानेपाशी गेला. म्हणजे इतकी वर्षं बाबांनी जे धरलं होतं त्याला नाव होतं, उगम होता, शेवट होता, त्याची स्वतंत्र नस होती, अकरावी, थेट मेंदूतून येणारी. तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. कोणालाही सांगता न येणारी गोष्ट जगातल्या सगळ्या पुस्तकांत छापलेली होती. पुढे तिला आणखी एक शब्द मिळाला, गार्डिंग. दुखायच्या आधीच, नुसतं दुखेल या भीतीनं, स्नायू आवळून राखणीला बसतो. माणूस विसरतो, स्नायू विसरत नाही. लग्नात फोटोग्राफर तिच्या नवऱ्याला म्हणाला होता, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवा, आणि मग तीनदा म्हणाला होता, वहिनी, खांदा खाली, वहिनी, जरा खांदा खाली घ्या ना. अल्बममध्ये आजही तिचा डावा खांदा बोटभर वर आहे. नवऱ्याला वाटतं, ती लाजली होती.

तर शून्य लिहिलं, आणि आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. मानसी पायावर मात्र जीव तोडून मेहनत घेत होती. पायाशी तिचं भांडण नव्हतं. मांडीचा पुढचा चार तोंडांचा स्नायू, पोटरी, घोटा वर उचलणारा तो नडगीवरचा लांबट स्नायू, एकेकाला हाका मारून तिनं उठवलं. सातव्या आठवड्यात बाबा उभे राहिले, नवव्यात काठी घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत गेले. शेजारच्या माणिकमावशी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पोरगी म्हणजे पोरगी हो नलिनीवहिनी, नशीब लागतं." आणि हात? हाताला काही करायचं नव्हतं. हीच त्यातली गंमत होती. मारायला जोर लागतो, चिमटीला निदान दोन बोटं लागतात. इथे काही केलं नाही की काम होत होतं. अर्धांगात मुडपणारे स्नायू दांडगे होतात आणि उलगडणारे हरतात. रोज ताणून, उलगडून, पट्टी बांधून ठेवलं नाही की मुडपलेला स्नायू मुडपलेलाच आखूड होतो, त्याला वाटतं आपली लांबी एवढीच. मग कोणी कितीही मोठा आला तरी उलगडत नाही. कोपर छातीकडे येतं, मनगट खाली वळतं, बोटं मिटतात आणि अंगठा बोटांच्या आत जाऊन झोपतो. मानसीनं हाताची प्लॅस्टिकची पट्टी आणलेली होती, बाबांच्या मापाची, वेल्क्रोची. ती कपाटात गोधड्यांखाली असायची आणि रविवारी राजेश यायच्या आधी हातावर चढायची. वहीत शून्यापुढे शून्य जमत होतं.

पण बाबा काही पाटी खाली ठेवायला तयार नव्हते. ती रोज आली की ते डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि अंगठा हलवायचे. गव्हाचा दाणा एके दिवशी बोटाच्या पेराएवढा झाला. श्रेणी दोन, मानसी मनात म्हणाली. "बरा?" बाबा विचारायचे. ती म्हणायची, "चला, पाय घेऊ." त्यांच्या उजव्या खांद्यात कळा यायच्या, अर्धांगात येतातच, तेव्हा खांदा मोकळा करणंही तिच्याच हातात होतं. ती खुर्चीच्या मागे उभी राहायची आणि त्यांच्या ट्रॅपेझियसचे वरचे तंतू अंगठा आणि तर्जनीत धरायची. यालाही रीतसर नाव आहे, पुस्तकात आकृती आहे. आखडलेला बिंदू शोधायचा आणि तो सैल होईपर्यंत दाबून ठेवायचं. तीस सेकंद, फार तर नव्वद. मानसी घड्याळ बघायची नाही. बाबांचा चेहरा तिला मागून दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, "बरा, बरा, बरा," आधी हळू, मग भराभर, मग घशातून. एकदा माणिकमावशी वाटी परत द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "कसं बरं वाटतंय बघा त्यांना." त्या दिवशी एलबीएस रोडचा सिग्नल हिरवा झाला तरी मानसीनं स्कूटर हलवली नाही. तिनं हेल्मेट काढलं, मागून रिक्षावाल्यानं शिवी घातली. आपण वाईट आहोत, तिनं स्वतःला सांगितलं, स्पष्ट, शब्दांत. आणि उद्या बंद करू. उद्याचा दिवस आला आणि खांदा तसाच समोर होता, मऊ, म्हातारा, आपणहून पुढे केलेला.

त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये निमेशभाईंचं बोट हललं. मुलुंडचे साड्यांचे दुकानदार, असंच उजवं अंग गेलेले. मानसीच्या हातात त्यांची तर्जनी फडफडली, आणि ती अशी काही ओरडली की बाजूच्या पडद्यामागचे दोन पेशंट उठून बसले. तिनं टाळ्या वाजवल्या, नव्या मुलीला बोलावून दाखवलं, निमेशभाईंच्या बायकोला फोन लावला. बायको दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली आणि मानसीच्या पाया पडायला लागली. "ताई, तुमच्या हातात देव हाय," ती म्हणाली. मानसीनं पेढा खाल्ला. आपल्याला एवढं चांगलं वागता येतं, ही गोष्ट तिला त्या क्षणी शिक्षेसारखी वाटली. येत नसतं तर निदान हातच असा आहे म्हणून सोडून देता आलं असतं.

अकराव्या आठवड्यातल्या रविवारी राजेश आला. पट्टी चढलेली होती, पण बाबांनी डाव्या हातानं आणि दातांनी वेल्क्रो उपटून काढला, राजेशचा शर्ट धरून त्याला खाली ओढला आणि उजवा हात त्याच्या डोळ्यांसमोर आणला. बोटं एव्हाना अर्धी मिटली होती. त्या मिटत चाललेल्या मुठीच्या तोंडाशी अंगठा हलला. "अरे!" राजेश ओरडला. "मानसी, हलला! अंगठा हलला यार!" मानसी मोरीत हात धूत होती. हात पुसत पुसत ती बाहेर आली. घाई केली नाही. बाबांना इतक्या खटपटीनं धाप लागली होती, तोंड उघडं होतं. "जांभई दिली असेल त्यांनी," ती म्हणाली. "जांभई, खोकला, जोर लावला की लुळा हात आपोआप हलतो. असोसिएटेड रिअ‍ॅक्शन म्हणतात त्याला. तो त्यांच्या मर्जीनं नसतो, त्याचा उपयोग नाही." राजेशनं बाबांकडे बघितलं. "बरा!" बाबा ओरडले. "बरा! बरा!" मान हलवत होते, डाव्या हातानं उजव्या अंगठ्याकडे बोट करत होते, मानसीकडे बोट करत होते. "हां बाबा, बरं वाटतंय ना, छान," राजेश म्हणाला आणि त्यानं त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. मग तो सुटकेनं बसला, कारण आशा लागली असती तर त्याला सुट्टी टाकावी लागली असती. चहा आला. राजेशनं पट्ट्याची गोष्ट काढली, गॅलरीतून उडी मारून तो पळाला होता ती, नेहमीची. सांगता सांगता तो हसून हसून लाल झाला. "काय दिवस होते यार. पण तुला मात्र बोटपण लावलं नाही हां." बाबा आता ओरडत नव्हते. ते मानसीकडे बघत होते. तो राग नव्हता. चांगला कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसे ते बघत होते, आणि मानसीला पहिल्यांदा भीती वाटली. आई कप गोळा करत होती, दांडे एका बाजूला करून.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाबा काठी टेकत स्वतः चालत आत गेले. डॉक्टरांनी पायाचं कौतुक केलं, मानसीचं कौतुक केलं, आणि वही उघडली. बाकी सगळ्या ओळींतले आकडे वर चढत गेलेले, एक, दोन, तीन, तीन अधिक. शेवटच्या ओळीत मात्र शून्यांची सरळ रांग. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "काका, अंगठा हलवा." बाबांनी डोळे बारीक केले, ओठ आवळले. अंगठा चार बोटांच्या आत होता. तो हलला असता तरी कोणाला दिसला नसता. डॉक्टरांनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला, बाबा कळवळले, "बरा." डॉक्टरांनी हात खाली ठेवला. "एकदाही फडफड नाही म्हणजे आता आशा धरू नका," ते म्हणाले. "फिक्स होतोय. मुलगी फिजिओ आहे म्हणून एवढं तरी झालं." बाहेर आल्यावर मानसीला वाटलं होतं की काहीतरी सुटल्यासारखं वाटेल. नुसती भूक लागली होती. रिक्षात बाबांचा मिटलेला हात दोघांच्या मध्ये सीटवर पडला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्या मांडीवर आपटत होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी, मानसी गेली तेव्हा आई कोमट पाण्याची वाटी आणि नेलकटर घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसली होती. "उघडना नाय गो," आई म्हणाली. "आत नखां वाढली हत. वास येता." मानसी गुडघ्यावर बसली. तिनं मनगट आणखी खाली वाकवलं, त्यानं बोटांच्या कंडरा जरा सैल पडतात, आणि एकेक बोट सोडवलं. तळव्यावर चार अर्धगोल जखमा होत्या, पांढऱ्या पडलेल्या, कुबट. मधोमध अंगठा निपचित. तिनं तो दाबून बघितला, मुळाशी, जिथे पहिल्यांदा फडफडलं होतं. उंचवटा बसून गेला होता. "बाबा, हलवा," ती म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो ते तिला कळलं नाही. बाबांनी डोळे बारीक केले नाहीत. प्रयत्नच केला नाही. श्रेणी शून्य, आता वहीत खोटं काही उरलं नव्हतं. आई ओल्या फडक्यानं जखमा पुसत होती. पुसता पुसता, मान वर न करता, ती म्हणाली, "पयल्यांदा हाललो तेवा मी हयच होतंय. भाजी निवडी होतंय."

मानसीच्या हातातली बोटं सुटली. ती आपली आपण परत मिटली. "कधी?" तिनं विचारलं, जणू तारीख हवी होती. "तू शून्य काढलंस तेवा," आई म्हणाली. "मगे रोज हालायचो. माका दिसायचो." "मग बोलली का नाहीस?" "मी कशाक बोलू?" आईनं फडकं वाटीत पिळलं. तिच्या आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं, असलीच तर जुन्या कामाची सवय होती. "तुझ्या मनात काय ता तुका ठाऊक. माका सगळा दिसता गो. तेवा तरी मी खय बोललंय?"

म्हणजे पाहिलं होतं. मानसी उभी राहिली, आईच्या मागे. तीस वर्षं तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, साक्षीदार मिळाला होता, कपाच्या दांड्यांकडे बघत बघत सगळं पाहणारा. आनंद व्हायला हवा होता. पण आई तेव्हा बाबांच्या बाजूला नव्हती आणि आता मानसीच्या बाजूला नव्हती. घरात ज्याची चिमटी चालते त्याच्या बाजूला ती बसते, भाजी निवडते, आणि चहा टाकते. इतका द्वेष तिला बापाचाही कधी वाटला नव्हता. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला खरंच फक्त ठेवायचा होता, निदान ठेवेपर्यंत. बोटांखाली आईचा स्नायू टच्च आवळला गेला. दुखायच्या आधीच. लाकडासारखा घट्ट, जुना, वर्षानुवर्षं राखणीला बसलेला. म्हणजे हिलाही. मानसीला ते एका क्षणात कळलं, सगळंच्या सगळं कळलं, आणि तरीही तिचा अंगठा आणि तर्जनी त्या मांसात शिरून एकमेकांकडे निघाली. आई ओरडली नाही, वाकली नाही. वाटी हातात धरून ताठ बसून राहिली.

दार उघडंच होतं. माणिकमावशी आत डोकावल्या, मायलेकींकडे बघून दारातच थांबल्या. "काय हो नलिनीवहिनी," त्या कौतुकानं म्हणाल्या, "लेकीच्या मायेनं डोळ्यांत पाणी आलं की तुमच्या."

"व्हय गो," आई म्हणाली.

बाबा खुर्चीत होते. ते आईच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, माणिकमावशींकडेही नाही. ते मानसीच्या हाताकडे बघत होते, नीट, डोळे बारीक करून, सूत कुठे धरलंय ते बघावं तसे. मग त्यांच्या डाव्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बरा," ते म्हणाले.